हा गेला तर?

विक्रोळीच्या सहकारी बँकेत लागलो
तेव्हा खिशात एक स्क्रू-ड्रायव्हर,
बोटांना टोनर,
आणि दिवसाला चाळीस पासवर्ड.
सोनटक्के बाई दर सोमवारी विसरायच्या.
"कॅप्स लॉक मी दाबलेलंच नाही," म्हणायच्या,
आणि ते दाबलेलं असायचं.
टेबलांखाली रांगायचो, वायरींना चिठ्ठ्या डकवायचो,
सहाला निघायचो
मोकळ्या हातांनी.

घरत साहेब काही करत नाहीत
असं आमचं ठाम मत.
पाठकोऱ्या कागदावर चौकोन काढायचे,
रेषांनी जोडायचे,
मग एखाद्यावर फुली मारून विचारायचे,
हा गेला तर?
आम्ही कॅन्टीनमध्ये त्यांची नक्कल करायचो.
वडापाव उचलून: हा गेला तर?

मार्चअखेर, रात्रीचे अकरा दहा.
चाचणीचा सर्व्हर समजून मी
खऱ्या सर्व्हरवरचं पुसलं.
पडद्यावर काहीच झालं नाही.
फक्त कर्सर,
लुकलुकत.

कन्नमवार नगरातून ते चपला घालून चालत आले.
ओरडले नाहीत.
"शेवटचं काय टाइप केलंस, तेवढंच सांग."
मग म्हणाले,
"बॅकअप तू घेतोस. तो परत उभा राहतो का
ते मी दर महिन्याला बघत आलोय. बस आता."
साडेपाचला खाती जुळली.
समोरच्या टपरीचा पहिला चहा आला
तेव्हा माझे हात कपाला लागेनात.

संचालकांच्या बैठकीत मला बाहेर बसवलं.
दार नीट लागत नव्हतं त्या खोलीचं.
"चूक माझी," ऐकू आलं.
"पोरगं तिथवर पोचलं,
कारण ते दार मी उघडं ठेवलं होतं."

आता साहेब उरणला असतात. वांगी लावलीत म्हणे.
त्यांचं लाखेने बंद केलेलं पाकीट
माझ्या कपाटात आहे,
फोन उशाशी.
त्याची रिंग आणि बाळाचं रडणं
बायको झोपेतही वेगळं ओळखते,
आणि त्यानुसार कोणी उठायचं ते ठरतं.

ताहेरा पटवेकर, नवीन मुलगी,
बोटांना टोनर.
मी चौकोन काढत बसतो.
कॅन्टीनमध्ये काय चालत असेल, ठाऊक आहे.
सहाला विचारते, "निघू, सर?"
"निघ."

ती गेल्यावर यादी उघडतो:
कुठकुठली दारं तिला उघडतात.
एक बंद करतो.
दुसऱ्यावर बोट थांबतं बराच वेळ.
राहू देतो.
कधीतरी तिलाही
अकरा दहा वाजणारच आहेत.