मागची जोडी

पाथर्डी फाट्यावर शटर अजून अर्धंच वर होतं
तेव्हा ती आली.
गाडी इतकी बुटकी की जॅक खाली शिरेना.
आधी दोन फळ्या टाकल्या, त्यांवर चढवली,
मग उचलली,
पाटावरचा गणपती उचलतात तशी.

पुढची पाहिली. अजून दोन पावसाळे सहज.
मागची बाहेरून बरी, नक्षी दिसत होती,
रुपयाचं नाणं खाचेत उभं राहत होतं.
मॅडम म्हणाल्या, "एकच बदला ना. डावं.
तेवढंच हवा सोडतंय."
म्हटलं, जरा वाका.

आतली कड कुणी बघत नाही.
ह्या गाड्यांची जातच अशी,
मागची चाकं वरून थोडी आत कललेली,
वळणावर घट्ट बसावीत म्हणून.
आणि सगळा जोर मागून.
पुढची नुसती वाट दाखवतात,
ढकलायचं काम ह्यांचं.
तर आतल्या कडेला रबर संपून
तार उघडी पडली होती, बारीक, पितळी,
विरलेल्या कॉलरमधून शिवण दिसते तशी.
त्यांनी बोट लावलं. टोचलं. तोंडात घातलं.
"वरून काहीच कळत नाही," म्हणाल्या, आणि हसल्या,
"हे वाक्य मी रोज बोलते."
भूल देणाऱ्या डॉक्टर आहेत गायधनी मॅडम,
गंगापूर रोडला.

साध्या गाडीत मी चाकं फिरवून देतो,
पुढचं मागं, डावं उजवीकडं,
झिजायची पाळी सगळ्यांवर सारखी.
हिच्यात ते नाही.
मागची दोन बोटं जास्त रुंद,
पुढं बसतच नाहीत.
जिथं लागली तिथंच संपायचं.
हे मी गिऱ्हाइकाला सांगत असतो तेव्हा
थोरला भाऊ गल्ल्यावर बसलेला असतो.

"किती दिवस चालवली असेल मी अशी?"
टायरच्या अंगावर चार आकडे असतात, आठवडा आणि साल.
जन्म सांगता येतो, बाकीचं अंदाजानं.
म्हटलं, मागचा पावसाळा तरी धरा.
कसारा उतरताना, ओल्यात,
मागून हलकी वाटली असेल एखाददा.

कॉम्प्रेसर भरत राहिला.

"एकदा," त्या म्हणाल्या.

मी पुढं विचारलं नाही.
मागच्या सीटवर लेकराची खुर्ची बांधलेली,
पट्ट्यात बिस्किटाचा चुरा, सकाळचाच.
"दोन्ही बदला."
किंमत त्यांनी विचारली नाही. भावानं सांगितली.

जुनं टायर रिमवरून सुटताना धप्प वाजतं,
कितीही वर्षं झाली तरी मी दचकतो.
खाचांतले खडे काढायची मला सवय आहे,
टायर टाकून द्यायचं असलं तरी.
अंजनेरीकडचा तांबडा मुरूम निघाला,
काचेचा कण,
द्राक्षाच्या मांडवाची इंचभर तार.
दिंडोरीला कुणी असेल त्यांचं.
मग साबणाचं पाणी, बाण पुढच्या दिशेला,
रिमच्या आतून वजनाची पट्टी, वीस ग्रॅम.
बोल्ट आडवे-तिडवे आवळले,
पाना कट् म्हणाला,
पाचदा इकडं, पाचदा तिकडं.

"आता शंभर किलोमीटर जपून," सांगितलं.
"नव्या रबराला साच्यातलं तेलकट अजून असतं.
दिसायला नवं, पण त्याची अन् रस्त्याची ओळख नाही.
घाट नको. ओलं नको. पाय हलका ठेवा."
"शंभर?"
"दीडशे धरा."
त्यांनी फोनमध्ये आकडा लिहून ठेवला.
अशी माणसं कमी.

मग ती एवढ्या ताकदीची गाडी
घसा खाकरून गप्प झाली,
अंबडच्या बाजूला वळली,
तीसच्या वेगानं, अगदी डावीकडून, इंडिकेटर तसाच चालू.
दुधाच्या किटल्यांची एक मोटरसायकल
तिला मागं टाकून गेली.
पोरगं वळून वळून बघत होतं.

भाऊ गल्ल्यावरून ओरडला, जुनी कुठं टाकतोस?
म्हटलं, असू दे इथंच दाराशी,
आतली कड वर करून.