पूर्णविरामाच्या जागी

गुरुवार. पाषाणला पाणी बंद.
ऑटोक्लेव्ह उद्यावर ढकललाय,
पिंपात दीड बादली शिल्लक,
त्यातल्या तांब्याभरावर तबस्सुमने चहा टाकलाय,
लॅबच्या बाहेर, नियमाप्रमाणे.

आत शेकरवर फ्लास्क गरगरतायत.
त्यांतल्या जिवांना गेली चार वर्षं
मी एक अक्षर शिकवते आहे.

वीस अक्षरांवर चाललंय सगळं :
शेवाळ, आवारातले मोर, टेकडीवरचं गिरिपुष्प,
माझ्या कानाची पाळी,
लोहोकरे सरांच्या कपाळावरची ती शीर.
पेशी तीन-तीनच्या घासांनी वाचत जाते
आणि वाचता वाचता एखादा घास असा येतो
की त्याचा अर्थ फक्त, थांब.

असे थांबे तीन. त्यातला एक फारच क्वचित लागतो.
कुणीतरी कुठेतरी चिकाटीने बसून
तेवढे सगळे खोडले,
प्रत्येक ठिकाणी दुसरा थांबा लिहिला.
जागा रिकामी झाली.
आम्ही तिथे भाडेकरू आणला,
एकविसावा.

अण्णा खजिना विहिरीजवळच्या छापखान्यात
खिळे जुळवायचे.
एकदा बॅटरीवाल्याचं हँडबिल आलं,
मथळ्यातच 'ॲसिड',
आणि केसमध्ये चंद्र असलेला अ नाही.
मालक म्हणाले, एसिड करा, कोण बघतंय.
अण्णांनी ऑ घेतला
आणि कानशीने त्याचा काना घासून काढला.
अख्खी दुपार. अंगठ्याची कातडीही थोडी गेली.
उरलं ते अक्षर डावीकडे कललेलं,
पण वाचता येणारं.

छापून झालं की खिळे सोडवतात,
ज्याला त्याला आपापल्या घरात टाकतात.
हा एक हातात राहिला. त्याला घर नव्हतं.
काडेपेटीत घालून अण्णा तो खिशात बाळगायचे,
दाढ काढायला गेले तेव्हाही,
माझ्या दहावीच्या निकालालाही.

ॲमिनो ॲसिड लिहिताना
मला तो खिळा दोनदा लागतो.

पहिल्यांदा जमलं तेव्हा रात्रीचे पावणेदोन.
दोन नळ्या, वर निळा दिवा.
जिच्यात भुकटी घातली होती ती
जुन्या रेडिओच्या डोळ्यासारखी हिरवी झाली.
दुसरी काळीच. तिच्यातलं वाक्य
निम्म्यावर तुटलेलं.
मी तबस्सुमला फोन केला. ती म्हणाली,
"फोटो काढ, मग रड."

नंतर सरांनी ते अक्षर
जगायला लागणाऱ्याच एका प्रथिनात घालायला लावलं.
म्हणजे भुकटी नाही तर जीव नाही.
रामनदीत सांडले तरी पुढे जाणार नाहीत.
तबस्सुम म्हणते, अक्षर दिलंस
आणि किल्ली स्वतःच्या पदराला बांधलीस.
मी म्हणते, नाहीतर मला झोप लागली असती का?
मग दोघी चहा पितो.
कुणीच जिंकत नाही, साखर तेवढी कमी पडते.

अण्णा गेले त्या आठवड्यात
भुकटी घालायची राहून गेली.
मी कुणाला सांगितलंच नव्हतं.
वैकुंठाहून परस्पर गावी गेले, दहाव्या दिवशी परतले,
तर फ्लास्कमधलं पाणी नितळ,
तळाशी पांढुरका साका.
इतकं नितळ मी ते कधीच पाहिलं नव्हतं.
खूप वेळ धुतलं नाही.

मायनस ऐंशीमधून नवी कुपी काढली.
बर्फ खरवडून लेबल वाचलं, माझंच अक्षर,
तेही डावीकडे कललेलं.
काडेपेटी आता ड्रॉवरमध्ये आहे,
टोकं आणि रबरबँडच्या मध्ये.
हलवली की खिळा आत वाजतो.

पाणी उद्या सकाळी येईल म्हणतात.
चहाचे कप तसेच, न विसळलेले.
शेकर चालू आहे,
सदतीस अंश, दोनशे वीस फेरे, भुकटी घातली