जवळचा नंबर

दांडिया बाजारात आमचं चष्म्याचं दुकान.
लांबच्या नजरेला भिंतीवर तक्ता, सगळ्यांकडे असतो तसा.
जवळच्यासाठी मात्र एक पुठ्ठा,
वडिलांनी रावपुऱ्यातल्या छापखान्यात
पायऱ्यांवर बसून, खिळे निवडून छापून घेतलेला.
एका बाजूला मराठी, मागे गुजराती.

इतरांच्या पुठ्ठ्यांवर सुटी वाक्यं असतात,
नळ बंद कर, उजवीकडे वळ.
वडिलांनी गोष्ट घातली.

गोदूबाईची शेळी हरवली,
हे बोराएवढ्या अक्षरांत.
ती विहिरीवर विचारते, अक्षर थोडं उतरतं,
कुंभाराकडे जाते, आणखी उतरतं,
परटाशी भांडते, पाटलापुढे रडते,
आणि तळाशी, मोहरीएवढ्या ओळीत,
शेळी सापडते.

नंबर बरोबर लागला की शेळी मिळायची.
कमाटीबागेतल्या माळ्याची बायको अक्कूबाई
भिंग बदलता बदलता तीनदा म्हणाली, मिळाली का हो?
वडील म्हणाले, तुम्हीच बघा.
तिने बोट ठेवून एकेक अक्षर उचललं,
आणि इतकी हसली
की नाकावरची जड फ्रेम मांडीत पडली.

आता लोक खिशातून फोन काढतात.
यावर दिसलं की झालं, म्हणतात.
दोन बोटांनी फाकवलं
की शेळीची म्हैस होते.
मी नाही म्हणत नाही. धंदा आहे.

मागच्या मंगळवारी घोरपड्यांची मृण्मयी आली.
कॉलेजात शिकते. डोळे चुरचुरतात,
रात्री दोन-दोनपर्यंत जागते.
पुठ्ठा हातात दिला. गप्प.
भिंग बदललं. गप्प.
पाव वाढवला.
धूसर दिसतंय का गं?
नाही काका, एकदम चोख्खं दिसतं.
मग?
वाचता नाही येत.

पुठ्ठा उलटा केला.
गुजरातीत दुसऱ्या ओळीपर्यंत गेली,
विहिरीशी अडखळली.
म्हणाली, तुम्ही बोलून दाखवा ना, ऐकलं की मला कळतं.

माझ्या पेटीत पाव पावने चढणारी भिंगं आहेत,
उणे वीसपासून अधिक वीसपर्यंत.
हात उगीच त्यांच्यावरून फिरला.

मग वाचलं.
ती हनुवटीखाली मूठ धरून ऐकत राहिली,
फोन काउंटरवर उपडा, मधूनच थरथरणारा.
परीट झाला, पाटील झाला,
शेवटच्या ओळीशी मी थांबलो.
चष्मा पुसला. दाराशी उजेडात गेलो.
ओळ नव्हतीच.
किती वर्षांच्या बोटांनी घासून घासून
तिथे नुसता तेलकट डाग उरलेला,
आणि मला कधी गेली ते माहीत नाही.
रोज हाच पुठ्ठा मी लोकांच्या हातात देतो.

घरी उशाशी लायब्ररीचं पुस्तक आहे,
अकराव्या पानात बसचं तिकीट,
दिवाळीच्या आधीचं.
अंगठा मात्र दमत नाही,
अंधारात वर, वर, वर.

मग कुठे होती? तिने विचारलं.
घरातच, म्हटलं. बाजेखाली. पंचांग खात होती.
सगळं खाल्लं?
कार्तिकी एकादशीपर्यंत आली होती.
ती हसली. अक्कूबाईइतकी नाही, पण हसली.
पैसे देताना म्हणाली,
शनिवारी आजीला आणते, तिला वाचता येतं.

शुक्रवारी शटर अर्धं ओढून
दिव्याखाली बसलो, बारीक टोकाचं पेन घेऊन.
मोहरीएवढं जमेना. हात कापतो.
बाजेखालीमधला ज पोटाशी फुगला,
पंचांगावरचे दोन्ही टिंब शेजारच्या ओळीत गेले,
अक्षर झालं ज्वारीएवढं, कुठे हरभऱ्याएवढं,
चष्म्याशिवायही दिसेल असं.

नंबर तपासायला आता ही ओळ कामाची नाही.
शाई वाळेपर्यंत पुठ्ठा हातात धरून बसलो,
आणि वरपासून एकदा,
फोन कुठे ठेवलाय ते न आठवता,
सगळं वाचलं.