गजीची नवी चाल

भिवा तात्या सांगोल्याहून एसटीनं आले,
मांडीवर ढोल, खांद्यावर घोंगडी.
कंडक्टर ढोलाचंही तिकीट मागत होता म्हणे.

आमची शाळा अक्कलकोट रोडला.
मागं यंत्रमाग, पुढं ट्रक,
मधे पटांगण, मार्चच्या उन्हात तव्यासारखं.
मी उंचीप्रमाणे रांगा लावून ठेवल्या होत्या.
तिघं निंबाखाली बसवलेली:
त्यांना सावली, आणि सगळ्यांच्या चपला राखायचं काम.
काम मीच दिलेलं. कबूल करते.

तात्यांनी रांगा पाहिल्या, मग निंब पाहिला.
"गजीला रांग कशाला, बाई? कडं धरा की."
आणि ढोल घेऊन निंबाखालीच जाऊन उभे राहिले.
पोरं तिकडं धावली. चपला तशाच राहिल्या.

व्यंकटेश कोडमला ऐकू येत नाही.
पहिली थाप पडली
आणि तो सगळ्यांच्या आधी हलला.
मला कळेना. मग एकदा त्याच्या घरी गेले:
एक खोली, दोन माग,
माझ्या हातातला चहासुद्धा थरथरत होता.
पोरगं तळपायानं ऐकत वाढलेलं.

रुमाल कमी पडले.
बोल्लीच्या पोरीनं कारखान्यातून
टॉवेलचे कापलेले काठ आणले, गठ्ठाभर,
हिरवे, राणी, एक डाग पडलेला पिवळा.

फरझानाच्या पायाला कॅलिपर.
दोन पावलं, मग खट्, मग गिरकी.
कडं तिच्यापाशी अडायचं.
मी थांबवायला हात वर केला,
तात्यांनी पाहिलंच नाही, किंवा पाहून सोडून दिलं.
तिच्या खट्‌पाशी त्यांनी थाप गिळली,
आणि पुढची मोठी वाजवली.
शुक्रवारपर्यंत चाळीस पोरं
तेवढ्या जागी एक पाय अधांतरी धरून उभी.
चिडवत नव्हती कुणी.
तिथं तालच तसा होता.
"ही चाल आमच्याकडं नव्हती," तात्या म्हणाले,
"आता गावाकडं नेतो."

राहिला नागेश.
ढोल निघाला की तो टाकीमागं, कानांवर हात.
बोलावलं, गोळी दिली, रागावलेही मी.
तात्यांनी काठाला काठ बांधला,
एक टोक कड्यातल्या पोरीच्या मनगटाला,
दुसरं टाकीच्या नळाला,
आणि त्याच्याकडं पाठ करून वाजवत राहिले.

आत तो आला नाही. अजूनही येत नाही.
पण सहाव्या दिवशी
नळावरचं टोक सुटलेलं होतं,
आणि टाकीमागून कुणीतरी काठ ओढत होतं,
तालात.

हजेरीपटावर नृत्याचा रकाना आहे.
त्याच्या नावापुढं पेन टेकवलं,
आणि थांबले जराशी.
खट्.