चाळणीवाले

खापरपणजोबांच्या आजोबांना आडनावच नव्हतं.
ते लिंडनची साल भिजवून कडं वळायचे,
घोड्याच्या शेपटीचे केस उभे-आडवे विणायचे,
आणि कामा नदीच्या काठी, बाजाराच्या दिवशी,
पाठीला वीस चाळण्या बांधून उभे राहायचे.
शिरगणतीचा कारकून आला. थंडीने शाई गोठलेली.
‘कुणाचा रे तू?’
त्यांनी उत्तरादाखल चाळणी वर धरली.
कारकुनाने तिच्या भोकांतून त्यांच्याकडे पाहिलं,
दौतीवर फुंकर मारली आणि लिहिलं:
रेशेत्निकोव्ह.
म्हणजे चाळणीवाल्याचा.
कुठल्या चाळणीवाल्याचा, त्याला रकाना नव्हता.

हे मला अग्राफेना आत्याने सांगितलं.
तिने अर्धं रचलेलं असणार.
गोठलेली शाई माझी.

मी नेलिदा. सान हाविएर, उरुग्वे.
टपालकचेरीत एकतीस वर्षं
पत्रं गावागावांच्या खणांत टाकली,
म्हणजे धंदा सुटला नाही म्हणायचा.

आमची माणसं बोटीतून उतरली तेव्हा
बंदरावरच्या अधिकाऱ्याने आमचं नाव काढलं,
दात काढतात तसं.
मग उरलेल्या जागेत त्याला जमलं ते बसवलं:
रेचेतनिकोफ.
इथल्या कागदांत बाईच्या आडनावाला वेगळी शेपटी नसते.
आजी रेशेत्निकोव्हा होती, ती नवऱ्यासारखीच झाली.
म्हणायची, माझा एक ‘आ’ त्या धक्क्यावर राहिलाय,
अजून तोंड उघडं टाकून उभा असेल.

निवृत्तीनंतर मी पत्ते जमवले, पत्रं लिहिली.
उत्तरं बिस्किटांच्या डब्यात आहेत.

ऑरेगॉनहून फ्योक्ला, रासबेरीची बाग, नऊ मुलं:
‘आमच्याकडे जुना धर्म आहे. तुमच्याकडे कुठला?’
एवढंच.
मेलबर्नचा एक दंतवैद्य, जन्म हार्बिनचा,
सोबत वडिलांच्या थडग्याचा फोटो,
अक्षरांवर शेवाळ:
‘हार्बिनला आता आमचं कुणी नाही,
आणि इथे मला तिन्ही मुलीच.’
हायफाचं पाकीट परत आलं.
त्यावरचा शिक्का मात्र सुरेख होता.

बीलेफेल्डहून हेर झीबर.
आजोबांनी युद्धानंतर नाव भाषांतर करून घेतलं,
जर्मनमध्येही झीबर म्हणजे चाळणीवालाच.
त्यांनी अर्थ ठेवला, आवाज टाकला.
आम्ही आवाज ठेवला, तोही चेपलेला,
अर्थ कुठे सांडला कुणी पाहिलं नाही.
त्याचं पत्र मी तीनदा वाचलं.
तो पुरता परका माणूस होता.
सही करताना त्याचाही हात शेवटी
उजवीकडे, उगाचच, वर जात होता. माझ्यासारखा.

मूळ गावाला लिहिलं, ते शेवटी लिहिलं.
जिल्ह्याच्या कचेरीतून छापील कागद आला:
सदर गाव धरणाखाली गेले आहे.
रहिवासी: पांगले.
मी तो कागद बराच वेळ हातात धरून होते.
आत्या आयुष्यभर मला ओरडायची
की चाळणीत पाणी धरायला जाऊ नये.
तिथे मात्र पाण्यानेच धरून ठेवल्यात,
घरं, कुंपणं, आणि कुणी विसरली असेल तर
एखादी चाळणी, भोकांसकट.

काल नातू फाकुंदो विचारत होता,
शाळेत मला सगळे रेचे म्हणतात, चालेल का?
मी म्हटलं, चालेल.
मग वाटलं, जरा थांबायला हवं होतं.

रविवारी पिरोगसाठी पीठ चाळते.
तळाशी कोंडा राहतो, कधी एखादा टोका,
कधी सूर्यफुलाचं साल, कुठून येतं देव जाणे.
चाळणी प्लास्टिकची, निळी.
कडेवर चीन लिहिलंय.
बनवणाराचं नाव नाही.