पाऊणकी

सोहारमध्ये रात्री साडेनऊला
ओट्यावर दुकान मांडतो मी:
फ्रिजमधली कुपी, स्पिरिटचा बोळा, चष्मा.
पूड पाच मिलिग्रॅम,
बिस्किटाच्या चुऱ्याएवढीही नाही.
पाणी दोन एमएल, काचेच्या कडेकडेने.
हलवायची नाही, तळव्यांत फिरवायची,
वात वळावी तशी.

पहिल्या रात्री
कागदावर पॉइंट पंच्याहत्तर मिलिग्रॅम होतं,
म्हणून सरळ पंच्याहत्तरच्या रेघेपर्यंत ओढलं.
शर्वाणीने बाही वर केलेली.
सुई हवेतच थांबली.
टोचली नाही.

दोन एमएल म्हणजे दोनशे रेघा.
पाचाला दोनशे, तर एकाला चाळीस.
आणि मग कुठूनसे अण्णा आले,
देवरुखच्या पोस्टातले, हातात फूटपट्टी:
म्हण, चाळीस पाऊण?
तीस!
इतक्या मोठ्याने, की पोर दचकली, मग हसली.

दिवसभर बंदरावर कंटेनर मोजतो,
वीस फुटी, चाळीस फुटी, कधी चुकत नाही.
इथे एक बुडबुडा घाम फोडतो.
टिचकी. अजून एक टिचकी.

सहा रात्रींनंतर तळाशी वीस रेघा उरतात.
डॉक्टरीणबाई म्हणतात, टाका.
टाकतो. रियालचा हिशेब त्या रात्री करत नाही.

भाड्याचं घर, दाराला पेन्सिल लावायची नाही,
म्हणून फ्रिजच्या अंगाला चिकटपट्ट्या:
मार्चची, तिच्यावर जूनची.
मधलं अंतर तीच मोजते, टाचा टेकवून:
पावणेदोन सेंटिमीटर, बाबा.
ह्याचीपण असते का हो, ती तुमची 'की'?