नमुना सात

झिंग्याची टरफलं सडली
की आधी कुत्र्यांना कळतं,
मग मोहल्ल्याला,
सगळ्यात शेवटी ग्रामपंचायतीला.

सोसायटीनं तलावात मोठ्या झिंग्यांचं बी सोडलं
त्याला बारा वर्षं झाली.
नागपूरचा हाटेलवाला सोललेलाच माल घेतो,
म्हणून भागरताबाई मारबते
पाळीवर बसून रोज सोलते.
डोकं मोडायचं, पाठीवरून नख फिरवायचं.
डोक्यावरचा काटा अंगठ्यात घुसतो,
नेमका त्याच जागी, जिथं काल घुसला होता.
ती अंगठा मिठाच्या पाण्यात बुडवते,
शिवी देते आणि पुढचा झिंगा उचलते.

मी साकोलीकडच्या एका कॉलेजात परिचर.
बाटल्या धुतो, पंखे बंद करतो.
मोनाली नान्हे, याच मोहल्ल्यातली,
एमेस्सी करून परत आली
आणि पहिल्याच दिवशी मला म्हणाली,
दादा, गाडी काढा, टरफलं आणायची आहेत.
भागरताबाई हसून हसून खोकली.
"कचऱ्याले मागनं घालाले आली का वो पोरी?
ने बापा, ने. हुंडा नाही देनार."

तीन पोती आणली.
गाडीची सीट अजून वास मारते.

धुवायची, वाळवायची, कुटायची.
आम्लात टाकली की फेस येतो,
जसा चुन्याच्या खड्यावर लिंबू पिळल्यावर येतो.
मग खारात उकळायची, तास न् तास.
माझ्या हातमोज्याला भोक पडलं तेव्हा
पहिल्यांदा कळलं, ही पोरगी गंमत करत नाहीये.
उरतो तो पांढरा भुगा,
वास नसलेला.
मी दोनदा हुंगून पाहिला.

तणसाचं तसंच.
हार्वेस्टर आल्यापासून बांधीत पडून राहतं,
कोणी काडी लावतं,
दोन दिवस गावाचे डोळे चुरचुरतात.
तिनं चैतरामच्या बांधीतून भारा उचलला.
तो म्हणाला, पैसे किती?
ती म्हणाली, द्यायचे की घ्यायचे?
तो विचारात पडला. अजून पडलेलाच आहे.

तणसाचा धागा, टरफलाचा भुगा,
व्हिनेगरसारखं काहीतरी आंबूस,
आणि काचेच्या बशीत पसरवलेली रात्र.
सकाळी बशीवरून सुटतो एक पापुद्रा,
कांद्याच्या आतल्या सालीसारखा,
खिडकीशी धरला तर तलाव दिसतो, पिवळसर.

"जखमेवर लावायचं," मोनाली म्हणाली,
"रक्त धरून ठेवतं, ओल राखतं, पू होऊ देत नाही.
असं वाटतं. अजून सिद्ध व्हायचंय."
हे 'अजून' ती फार जपून बोलते.
नागपुरात उंदरांवर चाललंय.
माणसाची परवानगी
कुठल्यातरी टेबलावर, कुठल्यातरी फायलीखाली.

भागरताबाई बघायला आली,
चप्पल दाराशी काढून, देवळात यावं तशी.
बशीवर वाकली.
"हे माह्या घरामागचं?"
"हो आजी."
"मंग लाव की एक."
अंगठा पुढे केला. फाटलेला, पांढुरका,
कडांना शेवाळ धरल्यासारखा.
मोनालीनं मान हलवली.
"उंदराले चालते, अन् मले नाही?
उंदराच्या बापानं सोलले का वो झिंगे?"
मला हसू आलं. मोनालीला नाही.
तिनं आजीला बँडेज दिलं, दुकानातलं,
आणि फुफ्फुसातली सगळी हवा एकदम सोडली.

संध्याकाळी बशा मोजल्या. अकरा.
सकाळी बारा होत्या.
ती माझ्याकडे बघत राहिली,
मी पंख्याकडे.
मग वही उघडून तिनं लिहिलं:
नमुना सात, हरवला.
खाली तारीख, सही.
सही करताना पेन दोनदा अडला.

शुक्रवारच्या बाजारात गेलो होतो.
भागरताबाई तराजू धरून बसलेली,
अंगठा पदरात.
"किती देऊ?"
पाव किलो म्हणालो.
तिनं ओल्या हातानं पुडी पुढे केली,
पाणी ठिबकत होतं,
काही दिसलं नाही नीट.

दोन झिंगे जास्तीचे घातले होते.